मॉरिशसला गेलेल्या शाखेचं कोकणातलं मूळ गाव कसं शोधायचं?

शमिका_पुणे

नमस्कार. माझ्या जावेचं माहेर मॉरिशसचं, तिकडच्या मराठी मंडळींपैकी. त्यांचा मूळ पुरुष ऊसमळ्यावर मजूर म्हणून गेला, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गाव कोणतं, आडनाव काय होतं, मागे कोण राहिलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

हाती असलेले कागद असे. तिच्या आजोबांचा 1931 चा जन्मदाखला, आजोबांच्या वडिलांचा 1898 चा जन्मदाखला, आणि सावान जिल्ह्यातली 1872 ची एक विवाहनोंद. त्या नोंदीत नवऱ्याचं नाव 'सुक्काराम' असं काहीसं वाचता येतं, वय 35, जन्मठिकाण नुसतं 'बॉम्बे'. नावापुढे सहा आकडी क्रमांक आहे, पण तिसरा आकडा 1 आहे की 7 ते कळत नाही. 1898 च्या दाखल्यातल्या मुलाचे वडील हे सुक्कारामचे मुलगे असावेत, पण दोघांना जोडणारा कागद नाही.

घरातले जुने लोक 'रत्नागिरी' म्हणतात आणि देवी काळकाई सांगतात. आडनाव म्हणून आज जे लावतात ते कुणा पूर्वजाचं पाळण्यातलं नाव आहे हे उघड दिसतं.

यातून गावापर्यंत पोहोचता येईल का? सुरुवात तिकडून करावी की इकडून?

बेटावरचा

शमिकाताई, सुरुवात तिकडूनच. गावाचं नाव हातात आल्याशिवाय इकडच्या दप्तरात शिरलात तर रत्नागिरी जिल्ह्यात सखाराम नावाच्या माणसांना तोटा नाही, वर्षं जातील.

आधी 1898 आणि 1872 यांच्यामधली कडी पक्की करा. या दोघांच्या मधल्या पिढीतल्या मुलाचा जन्म साधारण 1872 ते 1880 मधला असणार. त्याचा जन्मदाखला सावानच्या नागरी नोंदणीत शोधा, नाही मिळाला तर शेजारच्या जिल्ह्यांत. ऊसमळे जिल्ह्याच्या हद्दीवर असायचे आणि करार संपला की माणसं मळा बदलायची, म्हणून एकाच घरातली भावंडं दोन-तीन जिल्ह्यांत नोंदलेली सापडतात. दुसरी अडचण अशी की पुष्कळांची लग्नं फक्त धार्मिक पद्धतीने झालेली असत, सरकारी नोंद नसे. अशा जोडप्याचं मूल आईच्या नावावर नोंदलेलं आढळतं. बापाच्या नावाने शोधून काही निघालं नाही तर आईच्या नावाने शोधा. 1872 च्या विवाहनोंदीत बायकोचं नाव आणि बहुधा तिचाही क्रमांक असेल, तो उतरवून ठेवा. कधी कधी आई-बाप मूल झाल्यावर काही वर्षांनी सरकारी लग्न लावत, त्यामुळे मुलाचा जन्म 1872 च्या आधीचाही असू शकतो.

दाखले मागताना संक्षिप्त उतारा घेऊ नका, पूर्ण नोंदीची नक्कल मागा. समासातले शेरे, साक्षीदारांची नावं, मळ्याचं नाव हे सगळं पूर्ण नकलेतच येतं. साक्षीदार बहुधा त्याच मळ्यावरचे, कित्येकदा त्याच मुलखातले असतात.

आता क्रमांकाकडे. तुमच्या हातातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक मजुराला क्रमांक मिळायचा आणि तो लग्न, मृत्यू, मुलांचे जन्म अशा सगळ्या कागदांवर नावापुढे लिहिला जायचा. नाव दहा तऱ्हांनी लिहिलं गेलं तरी क्रमांक तोच राहतो. आलेल्या मजुरांच्या मूळ नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आहेत. पुष्कळ लोक पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला पत्र लिहितात. तो उतरण्याचा धक्का आणि आता जागतिक वारसास्थळ आहे, पण वह्या मोक्यात आहेत. वह्या जीर्ण झाल्यात, म्हणून सरसकट चाळायला देत नाहीत. वंशजाने पिढ्यांचे दाखले सादर केले की कर्मचारी नोंद काढून प्रमाणित उतारा देतात. जाऊबाईंच्या माहेरच्यांपैकी कुणी स्वतः गेलं तर उत्तम.

1 की 7 याचा घोळ नेहमीचा आहे. तिकडचे लिपिक फ्रेंच वळणाने लिहायचे. त्यात 1 ला वर लांब शेपूट असतं, ते आपल्याला 7 वाटतं, आणि खऱ्या 7 ला बहुधा मधोमध आडवी रेघ असते. त्याच पानावरची तारीख पाहा, 1872 मध्ये 1 आणि 7 दोन्ही त्याच हाताचे मिळतील. तरी शंका राहिली तर दोन्ही क्रमांक द्या आणि दोन्ही नोंदी काढून घ्या. एक कलकत्त्याच्या किंवा मद्रासच्या जहाजावरची निघाली तर प्रश्न तिथेच मिटला. दोन्ही मुंबईच्या निघाल्या तर वय, बापाचं नाव आणि मळा ताडून पाहा. वयावर मात्र फार विसंबू नका. ते लिपिकाने चेहरा पाहून ठोकलेलं असतं, पाच वर्षं इकडे-तिकडे सहज होतात.

उताऱ्यात साधारणपणे हे मिळतं: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, आल्याची तारीख, कोणत्या मळ्यावर पाठवलं. अगदी सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी त्रोटक आहेत. मुंबई बंदरातून मजूर गेले ते मुख्यतः 1840 ते 1860 च्या दशकांत, म्हणजे तुमचा माणूस त्याच काळातला. शेरा रकानाही विचारा, त्यात मृत्यू किंवा परत गेल्याची नोंद असू शकते. काही माणसं करार संपवून गावी गेली आणि पुन्हा आली, तेव्हा त्यांना नवा क्रमांक मिळाला. एका माणसाचे दोन क्रमांक दिसले तर घाबरू नका, पहिल्या खेपेच्या नोंदीत गावाचं नाव जास्त नीट असू शकतं.

फोटोही विचाराच. 1867 च्या मजूर कायद्याने करार संपलेल्या 'जुन्या' मजुरांना फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगणं सक्तीचं झालं. 1872 ला लग्न करणारा माणूस त्यात असण्याची शक्यता बरीच आहे, मग तो आला कधीही असो.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तुमच्या क्रमांकाच्या मागचे-पुढचे वीस-पंचवीस क्रमांक कोणत्या गावांचे आहेत ते विचारा. मुकादम एका टापूतली माणसं गोळा करून आणायचा आणि ती रांगेत एकामागून एक नोंदली जायची. तुमच्या माणसाचं गाव वाचता येत नसेल, तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचं वाचता येतं.

जुनेदप्तर

वरच्या सगळ्याला अनुमोदन. उतारा हातात आला की तो कसा वाचायचा ते लिहितो, कारण लोक इथेच अडकतात.

नावं कानाने ऐकून लिहिलेली आहेत. सांगणारा कोकणी बोलीत बोलतोय, लिहिणारा इंग्रजी किंवा फ्रेंच कानाचा, मध्ये दुभाषी बहुधा उत्तरेकडचा. इंग्रजी लिपिक आपल्या 'अ' साठी यू हे अक्षर वापरायचा, म्हणून सखारामचा 'सुक्काराम', गणूचा 'गुन्नू', रत्नागिरीचा 'रुत्नागेरी' होतो. हकार सरसकट गळतात: धोंडीचा 'डोंडी', भिवाचा 'बीवा', खेडचा 'केड'. ळ कधी ल होतो, कधी र. शब्दारंभीचा व गेला की विठू 'इटू' होतो. फ्रेंच वळणाचा लिपिक असेल तर च चा उच्चार श होतो आणि चिपळूणचं 'शिपलून' बनतं. म्हणून नाव डोळ्यांनी वाचू नका. मोठ्याने, तीन-चार तऱ्हांनी उच्चारून पाहा आणि शक्यतो त्या भागातल्या माणसाला ऐकवा.

रकाने नीट लावा. महाड हे गाव आणि महार ही जात लिपिकाच्या लेखणीतून जवळजवळ सारखीच उतरतात. कोणत्या रकान्यात आहे यावरून ठरवा. जातीच्या रकान्यात 'मराठा' असेल तर ती जात समजून पुढचा तपास बांधू नका. कुणबी, भंडारी, गवळी, अनेकांना मराठी मुलखातला म्हणून 'मराठा' लिहिलेलं आहे.

जिल्ह्यांची नावं आजच्या नकाशाने वाचू नका. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा बराचसा सिंधुदुर्ग होता, तो 1981 मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी मात्र संस्थान होतं. सातारा लिहिलेलं असेल तर आजच्या सांगलीचा भागही त्यात येतो. तालुकेही वेगळे: जुन्या रत्नागिरीचे विभाग किल्ल्यांच्या नावाने होते, सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग वगैरे. सुवर्णदुर्ग म्हणजे ढोबळमानाने दापोलीकडचा पट्टा, अंजनवेल म्हणजे चिपळूण-गुहागरचा. परगण्याच्या रकान्यात असं नाव दिसलं तर तुमचं निम्मं काम झालं. 1880 चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, दहावा खंड, रत्नागिरी-सावंतवाडीचा, जवळ ठेवा.

गावाच्या जागी पुन्हा 'बॉम्बे' असेल तर ते भरतीचं ठिकाण आहे, गाव नव्हे. अशा वेळी शेजारचे क्रमांक आणि जहाजावरची बाकीची मंडळी एवढाच आधार उरतो.

काळकाई हा चांगला धागा आहे, पण एकट्याने पुरत नाही. खेड, दापोली, महाड या पट्ट्यात काळकाईची ठाणी पुष्कळ आहेत. घरात देवक विचारा. लग्नात कशाचं देवक बसवतात, कोणत्या झाडाची पानं लावतात, हे बायका आडनावापेक्षा जास्त दिवस जपतात. तिकडच्या मराठी लोकांचा झाकरी नाच आणि आपली रत्नागिरीकडची जाखडी एकच, हे खरं. पण ती साऱ्या समाजाची आहे, एका घराचं गाव तिच्यावरून ठरत नाही.

शमिका_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. उतारा आला. आकडा 1 निघाला, 7 वाला क्रमांक कलकत्त्याच्या जहाजावरचा होता. नाव सुक्काराम, बाप 'डोंडी', जिल्हा 'रुत्नागेरी', परगणा कोरा, गाव 'अंबोली'. मागच्या-पुढच्या क्रमांकांत दोघांचा परगणा 'केड' लिहिलाय.

अंबोली म्हणजे घाटातली आंबोली का? आणि आता इकडे कुठे जाऊ?

जुनेदप्तर

घाटातली आंबोली सावंतवाडी संस्थानात, ती रत्नागिरी जिल्ह्यात धरली जायला नको. लिपिकांनी संस्थानं जिल्ह्यात ढकलल्याची उदाहरणं आहेत, पण शेजारचे दोघे खेडचे आणि देवी काळकाई, तेव्हा आधी खेड तालुक्यातली आंबवली धरा. 'आंबवली' घाईत म्हटलं की परक्या कानाला 'अंबोली'च ऐकू येतं. तरी या नावाची गावं आणखीही आहेत, त्यामुळे खेडला पुरावा मिळेपर्यंत वंशवृक्षात पेन्सिलीनेच लिहा.

मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सामान्य खात्याची जुनी दप्तरं आहेत, त्यात परदेशी मजूर पाठवण्याचा पत्रव्यवहार सापडतो. जहाजं, भरतीच्या तक्रारी, नियम समजून घ्यायला ती चांगली. नावनिशीवार याद्या मिळतील या भरवशावर मात्र जाऊ नका. तुम्हाला महसुली कागद हवेत.

मोडीलिपी

इथून पुढचं मी सांगते. पहिली गोष्ट, सखारामला शोधू नका. तो 1860 च्या आसपास गाव सोडून गेला, इकडच्या कागदांत तो असण्याचं कारणच नाही. शोधायचा तो त्याचा मागे राहिलेला भाऊ. जुन्या मोडी कागदांत नाव असं लिहिलेलं असतं: 'गोविंद बिन धोंडी'. बिन म्हणजे मुलगा. तुम्हाला आंबवलीत कोणीही 'बिन धोंडी' हवा आहे, साधारण 1860 ते 1890 च्या कागदांत. त्याच्यापुढे आडनाव लिहिलेलं असेल तर तेच तुमचं हरवलेलं आडनाव असण्याची शक्यता आहे.

कोकणात एक पेच आहे. पुष्कळ गावं खोती होती. सरकारी सारा खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करून भरणाऱ्या वतनदाराच्या नावावर, प्रत्यक्ष कसणारं कूळ सरकारी कागदावर दिसतंच असं नाही. म्हणून खोती गावात बोटखत मागा. त्यात कोणत्या जमिनीवर कोणतं कूळ आणि खोताला काय देणं, हे नावासकट असतं. गाव खोती नसेल तर पहिल्या मोजणीचे कागद, म्हणजे शेतवार पत्रक वगैरे. हे कागद तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात, तहसीलच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विभागून असतात. कुठे काय आहे ते प्रत्येक तालुक्यात वेगळं, म्हणून आधी तोंडी चौकशी आणि मगच अर्ज. 'जुने सगळे कागद द्या' असा अर्ज पडून राहतो. गाव, कागदाचा प्रकार, सालाची मर्यादा, हे तिन्ही लिहा.

दुसरा मोठा साठा म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची गावपातळीवरची नोंद. तुम्हाला त्यातले मृत्यू हवेत. भाऊ म्हातारा होऊन 1890 ते 1910 च्या दरम्यान वारला असेल तर त्याचं नाव, बापाचं नाव, जात, वय एका ओळीत मिळू शकतं. सगळ्या गावांची सगळी वर्षं टिकलेली नाहीत, वाळवीने आणि पावसाने कोकणात फार नुकसान केलंय.

एक वाट अलीकडेच सोपी झाली. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत 2023 पासून जिल्हाधिकारी कार्यालयांनी जुनी मोडी-मराठी पानं स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका-गाववार चढवली आहेत. हेतू वेगळा असला तरी ते तुमचेच कागद आहेत. रत्नागिरीच्या संकेतस्थळावर आंबवलीचं काय आहे ते घरबसल्या पाहा. मर्यादा ही की तिथे मुख्यतः कुणबी नोंद आढळलेलीच पानं असतात. तुमचं घर दुसऱ्या जातीचं असेल तर तिथे नाव नसण्याला काही अर्थ नाही.

मोडी वाचून घेताना वाचकाला 'यात धोंडी आहे का' असं विचारू नका. पानाचं पूर्ण लिप्यंतर मागा. धोंडी, धोंडू, कोंडी मोडीत घाईने लिहिलेले असले की फार जवळ येतात, आणि हवं ते नाव दिसायला लागतं. एखादं अक्षर संशयास्पद असेल तर त्याच हाताने तेच अक्षर दुसऱ्या ओळीत कसं काढलंय ते पडताळून पाहायला सांगा.

मॉरिशसचं नाव इकडच्या कागदांत किंवा म्हाताऱ्यांच्या तोंडी आलंच तर 'मोरस' असं येईल. तिकडची साखर आपल्याकडे मोरस नावानेच विकली जायची. गावात विचारताना 'मॉरिशसला कोण गेलं होतं' असं न विचारता 'मोरसला' किंवा 'बेटावर' म्हणून विचारा.

क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांच्या वह्याही पाहा. घरातलं कुणी नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलं असेल तर गावाच्या आणि आडनावाच्या आधारे नामावळ निघते. त्यासाठी आडनाव आधी हवं, म्हणून हा टप्पा शेवटचा. मूळ गाव घाटावर, कोल्हापूर-सांगलीकडे निघालं असतं तर हेळव्यांच्या, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी जपणाऱ्या लोकांच्या वह्या सुचवल्या असत्या. खेडला त्यांचा उपयोग नाही.

गुणसूत्र

डीएनए चाचणीचा विषय निघेलच म्हणून थोडक्यात. बाजारात मिळणारी सर्वसाधारण चाचणी इथे कमी कामाची. इतक्या पिढ्यांनंतरच्या चुलत भावंडांपैकी बऱ्याच जणांत मोजता येईल असा समान अंशच उरत नाही. उलट एकाच जातीत शतकानुशतकं लग्नं झालेली असल्यामुळे लांबची माणसंही जवळची दिसतात.

कागदावरून आंबवलीचं एखादं घर सापडलं तर मात्र वाय गुणसूत्राची चाचणी करा. मॉरिशसचा सलग पुरुषवंशातला एक माणूस आणि गावच्या घरातला तसाच एक. जुळलं तर कागदाला मोठं बळ मिळतं, पूर्णपणे नाही जुळलं तर ते घर तरी बहुधा बाजूला काढता येतं. तुमच्या बाबतीत 1898 च्या आधीची कडी बापाकडून गेली की आईकडून, हे आधी नक्की व्हायला हवं, नाहीतर निकालाचा अर्थच लागणार नाही.

बेटावरचा

वरची कडी लवकर पक्की करायला आणखी एक कारण आहे. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या मॉरिशस भेटीत भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (भारताचं परदेशस्थ नागरिकत्व) कार्ड खुलं झाल्याची घोषणा झाली. नातेवाइकांना ते करायचं असेल तर अभिलेखागाराचा उतारा आणि मधल्या प्रत्येक पिढीचा दाखला लागेल. नावाचं स्पेलिंग पिढीगणिक बदललेलं असणार, म्हणून प्रत्येक दाखल्यावर पुढच्या माणसाचा दुवा नीट दिसतो ना ते आत्ताच पाहून घ्या. क्रमांक जिथे जिथे आला आहे तो कागद सर्वांत वर ठेवा.

मोडीलिपी

गावात जाण्याआधी एवढं करा. तिथे कुणी अनोळखी माणूस जुने सातबारे आणि बोटखतं घेऊन आलं की लोकांना पहिली शंका जमिनीवर हक्क सांगायला आल्याची येते आणि माहीत असलेलंही कुणी सांगत नाही. पहिल्या भेटीत जमिनीचा एकही कागद बाहेर काढू नका. मॉरिशसचा उतारा, फोटो मिळाला असेल तर तो, आणि नातेवाइकांचं एक पत्र न्या, त्यात जमीनजुमल्यात काहीही स्वारस्य नाही असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

जायचं ते शिमग्यात किंवा गणपतीत. एरवी अर्ध्याहून अधिक घरं बंद असतात, या सणांना मात्र मुंबईचे चाकरमानी आणि सगळी भावकी गावात असते. शिमग्याला पालखीचे मान घराण्यांनुसार ठरलेले असतात, त्यामुळे कोणतं घर जुनं, कुणाच्या किती शाखा झाल्या, हे तेव्हा चटकन कळतं. गुरवाला आधी गाठा. ज्या भावकीत धोंडी हे नाव पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा ठेवलं गेलंय, त्या भावकीपासून विचारायला लागा.